आबांचा रकाना

आमच्या ऑफिसात प्रत्येक टेंडरला एक परिशिष्ट जोडावं लागायचं: 'कर्मचाऱ्यांची व्यावसायिक पार्श्वभूमी'. नाव, शिक्षण, आधी कुठे काम केलं, किती वर्षं, आणि अगदी उजवीकडे एकूण अनुभव. हे भरायचं काम माझ्याकडे होतं. मी बी.कॉम. झालेली, मातीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण माणसाला कागदावर उभं करायला माती कशाला कळायला हवी, असा माझा तेव्हा तोरा होता.

साहेबांचा रकाना मी दहा मिनिटांत भरला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तीस वर्षं इकडचं पाणी तिकडे नेलं, आणि आता ते मुळात कुठे होतं हे लोकांना समजावत बसायचे. मॅडमची पीएच.डी. गवतावर. लव्हाळा आणि पाणकणीस त्या धावत्या जीपमधून ओळखायच्या, आणि बाजारातून मेथी म्हणून शेपू घेऊन यायच्या. माझा स्वतःचा रकाना दीड ओळीचा होता. राहिले आबा. आबांचा रकाना मला चार वर्षं भरता आला नाही, आणि आता आबाच नाहीत, तेव्हा तो तसाच राहणार.

आधी आमचं काम सांगते. ऑफिस कुसगावला, हॉटेलांना गाद्या आणि बादल्या पुरवणाऱ्या दुकानाच्या वर. लोणावळ्याच्या आसपास कुणाला बंगला नाहीतर रिसॉर्ट बांधायचं असलं, की आधी ती जमीन पाणथळ आहे का हे बघावं लागतं. आम्ही जायचो, ठिकठिकाणी खुंट्या ठोकायचो, प्रत्येक खुंटीपाशी खड्डा घ्यायचो. वर फावड्याने, खाली गिरमिटाने. निघालेली माती उभ्या चिरलेल्या पाइपात वरपासून खालपर्यंत क्रमाने मांडायची आणि रंगांच्या वहीशी ताडून बघायची. तांबडे ठिपके म्हणजे पाणी येतं आणि जातं. राखाडी, निळसर माती म्हणजे पाणी तिथून हलतच नाही. ही राखाडी माती किती वर लागते, यावर त्या जमिनीचं सगळं भवितव्य.

आबा आमचे खड्डेवाले. कागदोपत्री 'क्षेत्र सहायक'. उंच, काटकुळे, वय साठ असेल नाहीतर सत्तर. बेगडेवाडी स्टेशनाजवळ एका खोलीत एकटे राहायचे. अंगात पांढरा शर्ट आणि त्याची उजवी बाही खांद्यापासून उसवलेली. नवा कोरा शर्ट आणला तरी पहिल्याच दिवशी बाही उसवायचे. तो उघडा उजवा हात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला, उगाच खोटं कशाला बोलू. डाव्या हातावर सुरकुत्या, डाग, पांढरे केस. उजवा हात नितळ आणि तरुण. एकाच माणसाला दोन वेगळ्या माणसांचे हात लावल्यासारखं वाटायचं. मॅडम म्हणाल्या, सारखं चिखलात राहून केस जातात. असेल बाई.

खड्डा झाला की आबा जमिनीवर पालथे पडायचे, गाल मातीला टेकवायचे आणि उजवा हात खांद्यापर्यंत आत घालायचे. तळाची ओल बघतात, असं साहेब पाहुण्यांना सांगत. पण ओल बघायला दहा-दहा मिनिटं कशाला लागतात? डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलतायत, आणि आजूबाजूचे बगळेसुद्धा चरायचे थांबलेत, असं मी कितीदा पाहिलंय.

त्यांचे नियम होते. खड्डा उघडा असेपर्यंत चहा नाही. आम्ही थर्मास उघडला की ते तोंड फिरवायचे. एकदा मी वैतागून कारण विचारलं, तर म्हणाले, "तोंड उघडं हाय तवर ते बोलनार. तुमी चहा पीत बसल्यावर त्यानं बोलायचं कुनाशी?" दुसरा नियम खड्डा बुजवण्याचा. वरचं वर, खालचं खाली, निघालं त्याच क्रमाने. शेवटी हात धुतलेलं पाणीसुद्धा त्याच खड्ड्यात. एकदा जीपच्या ड्रायव्हरने मदत म्हणून पायानेच माती लोटून दिली. आबा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. सगळी माती परत उपसली, रंग बघून वेगळी केली आणि एकेक थर पुन्हा लावला. आम्ही दीड तास उन्हात ताटकळत बसलो.

तर रकाना. मी ऑफिसात विचारलं, आबा, तुम्ही आधी काय काम करायचात? म्हणाले, हितं काय सांगू, जाग्यावर इचारा. बरं म्हटलं. पुढच्या आठवड्यात कुसगावातच एका शेतात खड्डा होता. आबा पालथे पडले, हात आत गेला, आणि मी वही उघडून विचारलं.

"लिवा," आबा म्हणाले. आवाज त्यांचाच, फक्त सावकाश. "रेल्वेत व्हतो. घाटात इंजनावर कोळसा वढायचो. सा वर्सं."

मग डावा तळवा कसा भाजला ते सांगितलं, ड्रायव्हर किती शिवराळ होता ते सांगितलं, खंडाळ्याला गाडी थांबली की चहात बुडवून पाव कसा खायचो तेही. मी खूश. भराभर लिहून घेतलं. आबा उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, काय सांगितलं म्या, वाचा की. मला वाटलं थट्टा करतायत. वाचून दाखवलं. दुसऱ्याच कुणाचं पत्र ऐकावं तसे ते ऐकत राहिले.

"बरा मानूस व्हता म्हनायचा," ते म्हणाले. "घरचं कुनी हाय का त्याचं?"

मी हसून म्हटलं, मला काय माहीत. तेवढ्यात त्यांचा डावा तळवा दिसला. त्यावर भाजल्याची खूणच नव्हती.

कामशेतच्या अलीकडे एका प्लॉटवर त्यांनी सांगितलं की चौदा वर्षं वीटभट्टीवर होतो. पवनेच्या बाजूला एका ओढ्याकाठी सांगितलं की घाटाखालून बैलांवर मीठ आणायचो. आता बैलावरचं मीठ माझ्या पणज्यानेसुद्धा पाहिलं नसेल. आणि एका आंब्याच्या झाडाखाली, हात खांद्यापर्यंत आत, आबा शांतपणे म्हणाले, "मी सुईनपन करायचे. रात म्हनले न्हाई, पाऊस म्हनले न्हाई." मी पेन थांबवून त्यांच्या मिशांकडे बघत राहिले. प्रत्येक वेळी उठल्यावर तेच. वाचा की. बरा मानूस व्हता म्हनायचा. घरचं कुनी हाय का त्याचं? सुईणीच्या वेळी फक्त 'बरी बाई व्हती' म्हणाले.

सगळं संगणकावर भरलं तर एकूण अनुभव निघाला एकशे त्रेचाळीस वर्षं. साहेब पोट धरून हसले. म्हणाले, 'वीस वर्षांहून अधिक' असं घाल आणि सोडून दे.

मी सोडून देणारी नव्हे. मी बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली. आमच्यात भूत, अंगात येणं, देवऋषी असलं काही चालत नाही. माझे बाबा तर कुणी काही अचाट सांगितलं की दोनच प्रश्न विचारायचे: कुणी सांगितलं? आणि त्याला कसं कळलं? बहुतेक भुतं दुसऱ्या प्रश्नाला पळून जातात, असं म्हणायचे. म्हणून मी कुसगावच्या त्या शेतमालकाच्या म्हाताऱ्या आईला गाठलं. कोळशाची गोष्ट सांगितल्यावर म्हातारीने आधी पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाली, ते माझे सासरे. डावा तळवा भाजलेला होता. त्याच शेतात पाणी धरताना पडले आणि गेले. मी स्वतःला समजावलं: आबा आदल्या दिवशी गावात चहा प्यायला बसत असतील, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकत असतील. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. मिठाच्या बैलांचं कुणी सांगितलं असेल, या फंदात मी पडले नाही.

आता माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते पेंटर होते. कंत्राटदाराकडे रेल्वेचे पिवळे बोर्ड लिहायचे, आमच्या लाइनवरची स्टेशनं त्यांच्या हाताखालून गेलेली. शिवाय शाळांच्या भिंती, दूध डेअऱ्यांच्या पाट्या, आणि चौदा एप्रिलचे सगळे फलक. मी चौथीत असताना भर पावसाळ्यात ते वडिवळ्याकडे एक पाटी लिहायला सायकलवर गेले. मागे कॅरियरला रंगाच्या डब्यांची पेटी. ते परत आले नाहीत.

पोलिसांत तक्रार झाली. आत्या-काका आठ दिवस हिंडले. पंधराव्या दिवशी आमच्या कामशेतच्या वस्तीत बोलणं सुरू झालं की पळाला, मुंबईला कुणी बाई ठेवली असणार. आईने कुणाशी वाद घातला नाही. ती तळेगावला कंपनीत साफसफाईला जायला लागली आणि रेशनकार्डावरचं त्यांचं नाव तिने कुणाला कमी करू दिलं नाही. अलीकडे अंगठ्याची तपासणी आली तेव्हा दुकानदार म्हणाला, मावशी, हा माणूस आणा नाहीतर नाव काढा. ती म्हणाली, राहू द्या. मी मात्र मनातून ते नाव कधीच काढलं होतं. मेला असता तर निदान रडता आलं असतं, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे. आमच्यात तेरावं-श्राद्ध नसतं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. पण त्यालाही माणूस गेला हे कळावं लागतं. सतरा वर्षं आम्हाला तेच कळलं नव्हतं. मेला की सोडून गेला, एवढंच. माझा सगळा राग त्या एका प्रश्नावर अडकून बसला होता.

वडिवळ्याचं काम आलं तेव्हा मॅडमना ताप होता, म्हणून मला पाठवलं. भात नुकताच कापलेला, लख्ख दुपार. धरणाच्या खालच्या अंगाला एक सखल तुकडा, त्यावर कुणाला फार्महाऊस बांधायचं होतं. सातव्या खुंटीपाशी आबांनी खड्डा घेतला. पाइपात माती मांडली. वर तांबडे ठिपके, राखाडी फार खाली. म्हणजे जमीन सुटली, बंगला होणार. त्या राखाडीत ज्वारीच्या दाण्याएवढा एक पिवळा कण होता. मी वही उघडून ताडून बघितला. वहीत मातीचे सगळे पिवळे असतात, हळदीपासून शेणापर्यंत. हा त्यात नव्हता. हा पिवळा मी कुठे बघितलाय, हे मला कळत होतं आणि मी कळू देत नव्हते.

आबा पालथे पडले. मी काहीच विचारलं नव्हतं.

"लिवा," ते म्हणाले. "पेंटर व्हतो. टेसनाचं पिवळं बोर्ड लिवायचो. शेवटचं अक्षर आदी लिवायचं, मग मागं मागं यायचं. म्हंजी जागा कमी पडत न्हाई. पोरीलाबी मी ज्ञ पासनंच शिकिवलं."

माझा हात लिहीतच राहिला. सवयीने मी विचारलंसुद्धा, किती वर्षं?

"अकरा."

"पुढं?"

"पुढं न्हाई. सायकल आदी गेली गाळात."

तेव्हा भोवती काय होतं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की आबांनी हात बाहेर काढला, तो कोपरापर्यंत निळसर झाला होता. ते उठून बसले, गुडघे झटकले आणि म्हणाले, काय सांगितलं म्या, वाचा की. मी वही छातीशी धरली आणि म्हटलं, आज नाही वाचत. मग मी काय केलं तर पाइप उचलला आणि ओतला. हाताने, पायाने, जशी येईल तशी माती त्या खड्ड्यात लोटली. वरचं खाली, खालचं वर. राखाडी चिखल सगळा माथ्यावर आला आणि तांबडी माती तळाला गेली. वर मी ती तुडवली. ते तोंड मला बंद करायचं होतं.

आबा बघत होते. आता उपसतील, थर लावतील, दीड तास जाईल. त्यांनी वाकून त्या राखाडीवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि तसंच राहू दिलं. चार वर्षांत हे एकदाच झालं.

खणून का बघितलं नाही, असं कुणी विचारेल. खरं सांगते, काही सापडलं नाही तर काय, याची भीती वाटली.

त्या चुकीचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. आमचा अहवाल 'पाणथळ नाही' असाच गेला. दुसऱ्या वर्षी तपासणीला पथक आलं. त्या लोकांनी आमच्या सातव्या खुंटीपाशीच गिरमिट लावलं. सगळे तेच करतात, आधी उकरलेली माती भुसभुशीत असते, कष्ट कमी. वीतभर गेले नाहीत तोच राखाडी चिखल. मग आणखी दोन ठिकाणी शंका काढल्या, आणि तो तुकडा पाणथळ ठरला. तिथे आता कुणी काही बांधणार नाही. साहेब लाल झाले. कुणाचा खड्डा होता, म्हणून ओरडले. आबा म्हणाले, माझा. मी तोंड उघडलं नाही. ती लबाडी होती हे मला कबूल आहे, आणि परत वेळ आली तर परत करेन.

त्या दिवशी वडिवळ्याहून घरी आले तेव्हा आई दारात तांदूळ निवडत बसली होती. मी चप्पल न काढताच सगळं सांगितलं. आईने हात न थांबवता बाबांचाच प्रश्न केला: त्याला कुणी सांगितलं? मी म्हटलं, तूच कधीतरी कंपनीत बोलली असशील, तिथून फिरत फिरत गेलं असेल. पेंटर होते हे अख्ख्या कामशेतला माहीत आहे. शेवटचं अक्षर आधी लिहायचे हेही कुणी पाहिलं असेल. ज्ञ पासून शिकवलं हेसुद्धा तूच कुणाला...

आईचा हात थांबला.

"मला काय ठावं तुमी कुटनं सुरू करत व्हता?" ती म्हणाली. "मला समदी अक्षरं सारकीच."

आई अंगठा लावते. आमची पाटी तिच्यासमोर असायची आणि तिला त्यातलं काही कळत नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि बाबांनी मला बजावलं होतं की शाळेत सांगू नको, बाई रागावतील. मी कधी कुणाला सांगितलं नाही. ती गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती. मी दुसऱ्या प्रश्नापाशी उभी होते आणि भूत काही पळत नव्हतं.

आईने सुपातले तांदूळ एका बाजूला ओढले. मग म्हणाली, "म्हंजी पळून न्हाई गेला." सूप बाजूला ठेवलं आणि रडली. मी पण रडले. सतरा वर्षांचं होतं, वेळ लागला.

रेशनकार्डावर नाव अजून आहे. दाखला कुठून आणणार? पण आईने स्वतः जाऊन भन्तेजींना तारीख विचारली. फलक मी लिहिला. पुठ्ठ्यावर बाबांचं नाव, शेवटच्या अक्षरापासून सुरू करून मागे मागे येत. जागा बरोबर पुरली. रंग निळा घेतला, पिवळ्या डब्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. वस्तीतली माणसं आली, 'बाई ठेवली' म्हणणारेसुद्धा आले आणि पंचशील म्हणून जेवायला बसले. त्यांना मी पहिल्या पंगतीला बसवलं. वाढलंसुद्धा भरपूर.

ऑफिसातून साहेब आणि मॅडम येऊन गेले. आबा उशिरा आले. त्या दिवशी शर्टाला दोन्ही बाह्या होत्या, बटणं मनगटापर्यंत लावलेली. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की घरी कार्यक्रम आहे, या. ते मागे भिंतीला टेकून बसले. फोटोकडे बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही शोधत होते, ओळख, दचकणं, काहीतरी. काहीच नव्हतं. फोटोतल्या माणसाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

मी ताट ठेवायला वाकले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "काय करायचे हे?"

"पेंटर होते. रेल्वेचे बोर्ड लिहायचे. शेवटचं अक्षर आधी."

"किती वर्सं?"

"अकरा."

"पुढं?"

"पुढं नाही."

आबांनी मान हलवली. "बरा मानूस व्हता म्हनायचा," ते म्हणाले. आणि मग माझ्याच घरात, माझ्या बापाच्या फोटोसमोर बसून, डोळे अर्धे मिटून त्यांनी तेच विचारलं जे प्रत्येक खड्ड्यापाशी विचारायचे. "घरचं कुनी हाय का त्याचं?"

"हाय," मी म्हटलं. "मी हाय की."

आबांनी डोळे उघडले, उजव्या बाहीचं बटण सोडलं आणि वरणभात कालवायला घेतला.